डबल बेल

देवपूर, धुळे
१९ जानेवारी २०२५

प्रिय देवा,

राम राम. माझं अक्षर बघून हसू नकोस. मोबाईल पोलिसांनी ठेवून घेतलाय, गाडी चालवताना मी बोलत होतो का ते तपासायला. आणि मोबाईल असता तरी बोलायला तोंड कुठंय? जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरने वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून टाकलेत, सहा आठवडे. नळीने डाळीचं पाणी ओढतो. तुझी वहिनी म्हणते, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, घरात शांतता आत्ता आली. वकील म्हणतो तिच्या मोबाईलवरूनही काही लिहू नका, तेच उद्या कोर्टात वाचतील. म्हणून कागद. आपली कंडक्टर ताईबाई दुपारची जळगाव गाडी घेऊन निघते, तिच्या हाती देतोय. एवढी वर्षं आपण लोकांचे डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका पोहोचवल्या, आता आपलीच चिठ्ठी गाडीने जाऊ दे.

जामीन झाला, निलंबन झालं. बरगड्या तीन गेल्या. डाव्या डोळ्यासमोर अजून धुकं आहे. जे आठवतं ते लिहितो, चुकलं तर तू दुरुस्त कर.

धरणगावहून येत होतो. पिंप्राळ्याच्या थांब्यावर रोजच्यासारख्या सात-आठ रिक्षा आडव्या. थांबा गाडीचा, बापजाद्यांचा असल्यासारखे उभे हे. मी शिव्या घातल्या, त्यांनी घातल्या, रोजचा नाश्ता. शेवटी रस्त्याच्या मधोमध उभी केली. माणसं चढली-उतरली, तुझी डबल बेल आली, मी पहिला गिअर टाकला. गाडी जरा झटक्याने निघाली, आणि मागचं चाक उचललं. देवा, एवढ्या वर्षांत मी कुत्रं मारलं नाही. चाक उचललं तेव्हाच कळलं की हा दगड नाही.

उतरून बघितलं तर तो माणूस सायकलसकट खाली. छातीवरून चाक गेलेलं. तोंडातून रक्त येत होतं आणि एक हात हँडलला घट्ट. मी वाकून तो हात सोडवत होतो तेवढ्यात डोक्यात काही बसलं. मग मोजणं नाही. "खाले पाडा त्याले, सोडू नका" एवढं ऐकू आलं. कोणी सायकलची चेन काढून मारली, कोणी हेल्मेटने. एकाने तोंडावर लोखंडी रॉड घातला, तेव्हा दातांचा चुरा जिभेवर आला. पडल्यावर लाथा. सायकलवाले, मोटारसायकलवाले, रिक्षावाले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे त्या दिवशी एक झाले.

आता मुद्द्याचं. वकिलाला मी बेलची भाषा समजावली. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे निघ, आणि दोन देण्याआधी कंडक्टर दारातून मान काढून डावी बाजू बघतो, कारण ड्रायव्हरला मागची डावी बाजू दिसत नाही. मी त्याला म्हटलं, अकरा वर्षं देवचंदची बेल आणि माझा गिअर. त्याने डबल बेल दिली म्हणजे बाजू मोकळी. मग तो सायकलवाला आला कुठून? मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं का? मला आठवत नाही. तू सांग. तुझ्या जबाबावर माझी नोकरी आहे, आणि जेल का घर तेही.

तुला कोणी मारलं नाही ना?

तुझा
अभिमन


पिंप्राळा, जळगाव
२२ जानेवारी २०२५

अभिमनभाऊ,

सप्रेम जय भीम. ताईबाईने चिठ्ठी दिली. डेपोत वाचली नाही, घरी येऊन वाचली. प्रज्ञाने विचारलं भाऊ कसे आहेत, मी म्हटलं बरे आहेत. तारेचं तिला सांगितलं नाही. तुमच्या इथल्या, ड्यूटीच्या खोलीची चावी आमच्याकडे आहे, तुळशीला ती पाणी घालते.

मला विशेष लागलं नाही. गर्दीने मला दाराशी दाबून धरलं होतं, बाहेर येता आलं नाही. नाहीतर मी मध्ये पडलोच असतो.

तुम्ही विचारलं त्याबद्दल. बेल मीच दिली. देण्याआधी पाहिलं होतं, मोकळं होतं. मग मी मागे वळून मशीनवर तिकीट काढत होतो. पुढचं मला दिसलं नाही. पोलिसांना हेच सांगितलं. तुम्ही स्टेअरिंग ओढलंत असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

गेलेल्या माणसाचं नाव रुपचंद. डाळ मिलमध्ये हमाल होता. आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. मीसुद्धा डेपोत सायकलने जातो ते तुम्हाला माहीत आहे, सकाळी कधी कधी बरोबर निघायचो. तो म्हणायचा, कंडक्टर, तुझी लाल गाडी माझ्या अंगावर येते तेव्हा तू आतून घंटी वाजवतो का रे. गंमत करायचा. त्याची बायको कुंदाबाई पाचव्या दिवशी मिलमध्ये कामाला गेली.

जबड्याची काळजी घ्या. वकिलाला विचारल्याशिवाय कुठे काही लिहून देऊ नका. थोडं थांबा, सगळं निवळेल.

आपला
देवचंद


देवपूर, धुळे
२७ जानेवारी २०२५

देवा,

तुझी चिठ्ठी चारदा वाचली. तू पाहिलंस आणि मोकळं होतं. संपलं. म्हणजे मीच डावीकडे घेतली असणार. रिक्षावाल्यांना घाबरवायला मी कधी कधी गाडी त्यांच्या अंगावर घालतो, तुला माहीत आहे. तू ओरडायचास माझ्यावर. त्या दिवशी हात तसा गेला असेल. रागाचा हात असतो तो, आपल्याला न विचारता जातो.

पुढच्या महिन्यात खात्याची चौकशी आहे. मी लिहून देणार, चूक माझी. वकील डोक्यावर हात मारून घेतो. म्हणतो, काका, कबूल केलंत तर नोकरी गेली, ग्रॅच्युइटी लटकली, वर शिक्षा. मी पाटीवर लिहून दाखवलं, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. कमल ते वाचून आत जाऊन रडली. तिच्यासाठी वाईट वाटतं. पण एक माणूस माझ्या चाकाखाली गेला आणि मी म्हणू की मला माहीत नाही?

तुला एक सांगतो, कोणाला म्हणू नकोस. मी सायकलवाल्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या. मध्येच घुसतात, आरसा नाही, लाइट नाही, मरायला येतात. आता खिडकीत बसलो की सायकलच दिसते. शाळेची, दुधाची, गॅसची टाकी लादलेली. प्रत्येकाच्या मागे मी एक चाक बघतो.

हे झालं माझ्या चुकीचं. आता दुसऱ्याच्या. मी चुकलो तर कोर्ट होतं. मी त्या माणसाचा हात सोडवत होतो, पळालो नव्हतो. तरी माझं तोंड फोडलं. लोकांनी मारलं ते मी सोडून दिलं, गर्दीला नाव नसतं. पण रॉडवाल्याला नाव आहे. अंगात खाकी शर्ट, हातात तांब्याचं कडं. तो कोण? पोलीस म्हणतात अज्ञात इसम. तू दारात होतास, तू बघितलं असणार. मला नाव कळव.

अभिमन


पिंप्राळा
५ फेब्रुवारी २०२५

अभिमनभाऊ,

जय भीम. उत्तराला उशीर झाला. आमच्या पोरीची, दीपमालेची परीक्षा होती, मग ड्यूटी सलग लागल्या. नवीन ड्रायव्हर दिलाय, तो बेल दिली तरी स्वतः मान काढून बघतो. मला बरं वाटतं एका परीने.

तुम्ही कबूल करू नका. पाया पडून सांगतो. तुमची चूक आहे असं कोण म्हणतं? रुपचंद घाईत आला असेल, मिलची वेळ झाली होती. असं लिहा की सायकल भरधाव आली आणि घसरून आत गेली. तो आता नाही, त्याला काही फरक पडत नाही. तुम्हाला मात्र संसार आहे.

नाव तुम्ही विचारलं. सांगू नये असं वाटत होतं. पण तुम्ही दुसरीकडून काढालच. तो हेमराज. थांब्यावरच्या रिक्षांचा म्होरक्या. आमच्याच गल्लीतला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. बायकांना गाडीत अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांच्या रिक्षा ओस पडल्या, तेव्हापासून तो आपल्या गाडीवर दात धरून होता. कधी आरसा फोड, कधी चाकात खिळा घाल. त्या दिवशी पहिला हात त्यानेच टाकला, रॉड रिक्षाच्या सीटखालून त्यानेच काढला. "ड्रायव्हरनं मारलं, ड्रायव्हरनं मारलं" असं ओरडणाराही तोच.

आता तो छाती काढून फिरतो. रुपचंदच्या दहाव्याला त्याने मंडप घालून दिला. लोक त्याला भाऊ भाऊ करतात.

नाव कळलं, पुरे. पोलिसांत द्या, बाकी काही करू नका.

देवचंद


देवपूर, धुळे
११ फेब्रुवारी २०२५

देवा,

तू मला लहानपणापासून ओळखत नाहीस, पण अकरा वर्षं ओळखतोस. मेलेल्या माणसावर मी ढकलू? तो रोज तुझ्याबरोबर सायकल काढायचा, आणि तू म्हणतोस त्याला फरक पडत नाही? कुंदाबाईला पडतो. तुझी ती ओळ मी शाईने खोडली आणि चिठ्ठी ठेवून दिली. तू माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झालास, ते मला कळतं. माझ्यावरच्या मायेने लिहिलंस. पण परत लिहू नकोस.

हेमराजचं नाव वाचलं आणि सगळं आठवलं. त्याचा चेहरा रॉडच्या वर होता. तो हसत नव्हता. घाबरलेला दिसत होता. मारणारा घाबरलेला का असेल, हे मला रात्रंदिवस विचार करूनही समजत नाही. हाच प्रश्न मी त्याला विचारणार आहे.

सोमवारी, सतरा तारखेला तार निघते. मंगळवारी सकाळी आठच्या गाडीने मी येतो. कोणाला बोलू नकोस, तू ड्यूटीवर जा, तुझं नाव यात यायला नको. तुझी गल्ली आहे, तुला तिथे राहायचंय. मी माझी टॉमी घेऊन येतोय. चाक काढायची ती, सव्वादोन हात लांब, सव्वीस वर्षं माझ्या सीटमागे होती. निलंबन झालं तेव्हा सामानात तीच घरी आणली. पोलिसांत जा म्हणतोस. पोलिसांना अज्ञात इसम सापडत नाही, माझा मोबाईल मात्र लगेच सापडला.

मी विचारीन. त्याने नीट सांगितलं तर ऐकीन. नाही सांगितलं तर तो परत कोणाच्या तोंडावर हात टाकणार नाही एवढं बघीन. मग दोन्ही गुन्हे एकदमच कबूल करतो, कोर्टाचा वेळ वाचेल.

तुझ्यासारखा माणूस बेलला होता म्हणून मी एवढी वर्षं मान न वळवता गाडी चालवली. हे तोंडाने कधी म्हणालो नसतो. तार आहे म्हणून लिहितो.

अभिमन


पिंप्राळा
१८ फेब्रुवारी २०२५, सकाळ

अभिमनभाऊ,

तुमची चिठ्ठी मला तेरा तारखेला मिळाली. आज अठरा. पाच दिवस खिशात घेऊन फिरलो. काल रात्री आणि आज सकाळी वहिनींचा नंबर लावला. आज त्यांनी उचलला, हॅलो हॅलो म्हणाल्या, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ठेवला. म्हणून लिहितो. साडेसातच्या धुळे गाडीत देतोय. तुम्ही आठच्या गाडीत बसायच्या आधी ही पोहोचणार नाही, मला माहीत आहे. दोन्ही गाड्या पारोळ्याच्या आसपास एकमेकांना ओलांडतील. तरी लिहितो, कारण नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही.

भाऊ, मी पाहिलं नव्हतं.

तुम्ही मधोमध गाडी उभी केली तेव्हा हेमराज दाराच्या पायरीवर चढला. दोन बायका गाडीत चढत होत्या, एकीचा हात धरून तो ओढायला लागला. "अक्का, उतरा खाले, दहा रुप्यात दारपर्यंत सोडस." मी म्हटलं पाय काढ. तो म्हणाला, "गाडी तुना बापनी शे का?" आणि सगळ्या गाडीसमोर माझ्या थोबाडीत मारली. बायका आत सरकल्या. तो पायरीवरच उभा, एक हात दांड्याला, मला हसत. मला वाटलं, गाडी झटक्याने निघाली की हा उताणा पडेल. सगळ्यांसमोर पडेल. मी दोरी दोनदा ओढली. बाजू बघायला नाही, त्याला पाडायला.

तुम्ही निघालात. तो पडला. मागून रुपचंद गाडी आणि रिक्षांच्या मधून सायकल काढत होता, हेमराज त्याच्या अंगावर पडला. हेमराज रिक्षाकडे लोळला, रुपचंद सायकलसकट चाकाकडे. मी दारातून सगळं बघितलं. दोरी माझ्या हातातच होती. एक टोल दिला असता तर तुम्ही ब्रेक मारला असता. तो एक टोल मी दिला नाही. हात उठलाच नाही.

हेमराजने उठून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांना कळलं. तो लगेच ओरडायला लागला, ड्रायव्हरनं मारलं. तो घाबरलेला का होता, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

अजून आहे. मला कोणी दाबून धरलं नव्हतं. मी गाडीत खाकी शर्ट काढला, मशीनच्या बॅगेत कोंबला आणि बनियनवर मागच्या खिडकीतून उतरलो. गर्दीत उभा राहिलो. तुम्ही खाली पडला होता. बाजूचा माणूस म्हणाला, तू काय बघत राहिला? म्हणून मी एक लाथ मारली. तुमच्या पाठीत. तुम्ही वळून बघितलं नाही. मी घरी आलो, बूट धुतला, त्यावर काही नव्हतं तरी धुतला. तेव्हापासून प्रज्ञा विचारते, रात्री ओरडता का. मी म्हणतो, दाढ दुखते.

त्यानंतर मी आणि हेमराज एकदाही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. तो माझं झाकत होता, मी त्याचं. आणि मी तुम्हाला त्याचं नाव दिलं. मला माहीत होतं तुम्ही येणार. भाऊ, मी ते जाणून दिलं. त्याचं तोंड बंद झालं तर बरं, असं माझ्या मनात आलं होतं. अर्धा क्षण आलं, पण आलं.

हे वाचलंत तर मला मारायला या. हेमराजला नाही.

देवचंद


पोलीस ठाण्याबाहेर, जळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

देवचंदभाऊ यांस,

मी कमलबाई. अभिमनची बायको. मी सातवी शिकलेली आहे, चुका असतील तर समजून घ्या.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. कंडक्टर दारात येऊन देऊन गेला. हे सकाळीच गेले होते. जाताना सांगितलं दातांच्या डॉक्टरकडे जातो. मी पत्र फोडलं, डोळ्यामुळे यांना वाचून दाखवायची सवय लागली होती. वाचून झालं तेव्हा तीन वाजले होते. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

तुम्ही सकाळी फोन केला होता. मी हॅलो हॅलो म्हणत होते तेव्हा हे माझ्यासमोर बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी हाताने विचारलं, कोण? मी म्हटलं, कोणी बोलत नाही. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

हेमराज परवा शनिवारी दवाखान्यात वारला. तुम्हाला गल्लीत कळलंच असेल. मी काल ठाण्यात यांना पाच मिनिटं भेटले. जबडा अजून दुखतो, हळू बोलतात. म्हणाले, मी त्याला विचारलं, तू का घाबरला होतास? टॉमी हातात होती, पण मी फक्त विचारलं. तो मागे मागे रिक्षाला टेकला, हात जोडले, आणि एकच म्हणत राहिला, "देवचंदले इचार. देवचंदले इचार." मला वाटलं माझ्या देवाचं नाव मध्ये घेऊन सुटायला बघतो. त्याला अडकवायला बघतो. म्हणून पहिला मारला. मग थांबता आलं नाही. कमरेत मारला, गुडघ्यावर मारला, पडल्यावर डोक्यात मारला. हे सांगताना हे रडत नव्हते. मी विचारलं, किती मारले? म्हणाले, गर्दी आली तेव्हा थांबलो. ह्या वेळी गर्दीने यांना हात लावला नाही, सगळे लांब उभे होते.

मग मला म्हणाले, देवाला कोणी त्रास दिला नाही ना, त्याचं नाव कुठे आलं नाही ना, त्याला सांग मी कोणापुढे नाव घेतलं नाही.

मी तुमचं पत्र त्यांना दाखवलं नाही. दाखवता आलं नाही. एवढं सगळं गेल्यावर त्यांच्याकडे तुमच्याशिवाय काही उरलेलं नाही, ते मी कसं काढून घेऊ? रात्रभर विचार केला. पण कुंदाबाईला तिच्या माणसाचं खरं कळलं पाहिजे. हेमराजच्या बायकोला पण कळलं पाहिजे. आज सकाळी मी तिच्याकडे गेले होते. तिने मला दारात उभं केलं नाही. बरोबर आहे. मी पण केलं नसतं.

मला तुमची माफी नको, भाऊ. तुम्ही बनियनवर उतरलात, लाथ मारली, ते मी यांच्या वतीने माफ करू शकत नाही आणि करणार नाही. मला जबाब पाहिजे. तुमच्या तोंडाने, साहेबासमोर.

ताईबाईची गाडी आत्ता स्टँडवर लागली आहे, ती ही चिठ्ठी तुमच्या हातात देईल. मी ठाण्याबाहेरच्या बाकावर बसले आहे. धुळ्याची शेवटची गाडी जाईपर्यंत बसेन. तुमचं पत्र माझ्या पिशवीत आहे. तुम्ही आलात तर ते बाहेर काढणार नाही, तुम्हीच आत जाऊन सांगा. नाही आलात तर मी नेऊन देईन, आणि साहेब ते यांच्यासमोर मोठ्याने वाचेल. ते मला नको आहे.

पण एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही दारातून परत फिरणार नाही. साहेबांच्या टेबलाकडे जाताना यांची कोठडी लागते. ते तुम्हाला बघतील. उठून गजांजवळ येतील, देवा म्हणून हाक मारतील, जबडा दुखतो तरी हसतील. त्यांना वाटेल तुम्ही त्यांना सोडवायला आलात.

कमलबाई